बाईंना न दिसलेला मोगरा

पहिल्याच वर्षी, जानेवारीतल्या एका सकाळी, मी बाईंना मोगऱ्याची पानं ओरबाडताना पाहिलं. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, उजव्या हातात गेलेल्या नवऱ्याचा जुना मोजा चढवलेला, आणि एकेक फांदी मुठीत धरून त्या सर्रकन ओढत होत्या. हिरवीगार झुडपं बघता बघता नुसत्या काड्या झाली. वर मला म्हणाल्या, "आता शिवरात्रीपर्यंत ह्यांका पाणी घातलंस तर बघ."

मी त्या घरात नवीनच राहायला आले होते. मनात आलं, जी बाई जित्या झाडाचं पाणी तोडते, ती भाडेकरणीला किती दिवस ठेवणार?

नाहूर स्टेशनाच्या पूर्वेला, उंच इमारतींच्या मागे काही बैठी घरं अजून तग धरून आहेत. त्यातलं एक बाईंचं. पुढे दोन खाटा मावतील एवढं अंगण, मागे पत्र्याच्या छपराची एक खोली. ती खोली मला मिळाली होती. मी हिंगोलीकडची. आठवीनंतर माझी शाळा सुटली, कारण गावातली शाळा आठवीलाच संपत होती आणि पुढची लांब होती. मग लग्न, एक लेक, मग नवरा गेला. मुंबईत येऊन मी म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम धरलं. मुलुंडला एका आजोबांकडे दिवसभर असायची. लेक गावाला, सासूजवळ. गावातली शाळा अजूनही आठवीपर्यंतच. तिची आठवी झाली की तिला इकडे आणायचं आणि दहावी करायची, रात्रंदिवस माझ्या डोक्यात तेवढंच होतं. आणि बाईंनी खोली देताना पहिलीच अट घातली होती ती ही, की एकटीनं राहायचं. दुसरं माणूस चालणार नाही.

मी पहिल्या दिवशी त्यांना मावशी म्हटलं. बाई थांबल्या. "तू माझ्या कुठल्या बहिणीची गो?" म्हणाल्या. मी घाबरून 'बाई' म्हणायला लागले ते शेवटपर्यंत. बाकी सगळी गल्ली त्यांना काकी म्हणायची आणि ते त्यांना चालायचं. माझ्या तोंडून का चालत नव्हतं, कोण जाणे.

खोलीत मी आमच्या घरात असतो तो निळ्या कोटातला फोटो लावायला घेतला. मुंबईत असलं तरी घरमालकाचं काही सांगता येत नाही, म्हणून दार लोटून घेतलं होतं. हातोडीचा आवाज ऐकून बाई आल्या, दार ढकललं, फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. माझा हात तिथंच थांबला. "खिळो सरळ मार," त्या म्हणाल्या. "भिंत ओली आसा. एवढो मोठो माणूस खाली पडात." आणि निघून गेल्या. मी मागे धावत जाऊन म्हटलं, बाई, तुमचे फार उपकार. त्यांनी असं तोंड केलं की जणू मी त्यांच्या पायावर पाणी सांडलं.

उपकार हा शब्द त्यांना सहनच व्हायचा नाही. आणि माझ्या तोंडात तर दुसरा शब्द नव्हता. परक्या गावात माणूस जगतो तो कुणाच्या ना कुणाच्या मेहेरबानीवर. आपण निदान बोलून दाखवावं, असं आम्हाला माय शिकवायची. मी नळाला पाणी आलं म्हणून आभार मानायची, त्या मोरीत जाऊन उभ्या राहायच्या.

शिवरात्र झाली. बाईंनी काड्यांच्या मुळाशी माती उकरली, शेणखत घातलं आणि पाइपानं पाणी सोडलं. मी म्हटलं, आता मेलेल्याला काय पाजता? होळीनंतर त्या काड्यांतून पोपटी पानं फुटली आणि पाडव्याच्या सुमारास अंगण पांढरं झालं. मोगरा, मदनबाण, बाजूला कुंपणावर मधुमालती, कोपऱ्यात निष्पर्ण चाफ्याच्या टोकांना गुच्छ. एवढ्याशा जागेत एवढी फुलं की माझ्या अंगाला वास लागायचा. मुलुंडचे आजोबा म्हणायचे, कुठं लग्नाला जाऊन आलीस का?

आणि मग फूलचोर यायला लागले. पहाटे फिरायला जाणारी चांगल्या घरची माणसं, हातात प्लास्टिकची पिशवी, देवासाठी म्हणून दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं तोडतात. मी एकाला हटकणार तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला. "गप. जाऊ दे." दुसऱ्या दिवशी बघते तर फाटकाला आकडी लटकवलेली. काठीच्या टोकाला तारेचा हूक, उंचावरची फांदी खाली ओढायला. चोरांचे हात पोचत नाहीत म्हणून बाईंनी स्वतः केली होती!

तरी त्याच आठवड्यात एक सभ्य गृहस्थ फाटकाशी उभं राहून हात जोडून म्हणाले, "काकी, पूजेला दोन फुलं घेऊ का?" बाई म्हणाल्या, "नाय." ते ओशाळून निघून गेले, आणि त्यांच्या मागून आलेल्या एकीनं न विचारता पिशवी भरून नेली. बाई तिच्याकडे पाठ करून तुळशीची मंजिरी खुडत उभ्या.

मला हे काही केल्या उमजेना.

एप्रिलात जयंती आली. फोटोला हार घालायचा होता. अंगणात ढीगभर मोगरा, पण मी त्या गृहस्थांचं बघितलेलं. तरीही विचारल्याशिवाय घ्यायचं माझ्यानं होईना. विचारलं. "नाय," बाई म्हणाल्या. मी स्टेशनाजवळून हार विकत आणला. तो बघून बाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "विकत आणलंस? घरात एवढी फुलां असताना? डोक्यात भुसो भरलो आसा काय?"

"पण बाई, तुम्हीच तर नाही म्हणालात!"

"मग मागितलंस कित्याक?" त्या चिडून म्हणाल्या. "मागितलंस की माका हो नाय तर नाय म्हणूक लागता. आणि माका हो म्हणूक जमणा नाय. कोणी नेल्यान तर तो आणि झाड काय ता बघून घेतील."

हे सांगून झाल्यावर त्या माझ्यावरच रागावून दोन दिवस बोलल्या नाहीत.

असं का, हे मी शेजारणीला विचारलं. तिचा नवरा रिक्षा चालवायचा आणि तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असायचं. ती म्हणाली, काकी बिस्किटांच्या कारखान्यात होती, तिथं कुणाला तरी शब्द देऊन फसली. पुढच्या महिन्यात म्हणाली, नवऱ्यानं "गावी जाऊन येऊ का" विचारलं, काकी हो म्हणाली, तो परत आलाच नाही. नंतर म्हणाली, अगं तसं काही नाही, काकी पहिल्यापासून सटकेल आहे. मी यातलं कुठलं खरं धरायचं?

दुसऱ्या वर्षीचा मोगरा आला तेव्हा लेकीची आठवी संपत आली होती. गावाकडून सासूचा फोन आला की झालं तेवढं शिकणं, आता घरात चार कामं शिकू दे, एक स्थळ पण कानावर आलं आहे. माझ्या वेळी मायला हेच शब्द कुणीतरी सांगितले होते.

शेजारीण म्हणाली, "तू काही विचारू नको हं काकीला. सरळ आण पोरीला. बघू काय करते ती!"

"आणि बाहेर काढलं तर? दोघींनी कुठं जायचं?"

"नाही काढत गं यार. विचारलंस तर मात्र वाट लागली समज."

तिचं मला पटत होतं. पण दुसऱ्याच्या घरात आपलं माणूस न विचारता आणून ठेवायचं, हे माझ्या रक्तात नव्हतं. आठवडाभर जेवण जाईना. शेवटी एका सकाळी बाई मोगऱ्याच्या कळ्या पदरात घेत होत्या, तिथं जाऊन मी सगळं सांगितलं. शाळेचं, सासूचं, स्थळाचं. म्हटलं, दोन वर्षं फक्त. पोर गरीब आहे, आवाज करणार नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला क्षणभर त्यांचीच दया आली. मग म्हणाल्या, "नाय."

शेजारणीनं कपाळावर हात मारला. "गेलीसच ना विचारायला! बस आता!"

मी गावी फोन करून सांगितलं की थोडं थांबा, दुसरी खोली बघते. दुसरी खोली कुठली मिळायला? आणि मे महिन्यात, मी कामावरून येतेय तर फाटकात माझा भाऊ उभा, बाजूला शाळेचा दाखला छातीशी धरून माझी लेक. आजीशी भांडून, मामाला पटवून निघून आली होती. बाई पाइपानं झाडांना पाणी घालत होत्या.

मी धावले. म्हटलं, बाई, मी नाही बोलावलं, खरंच सांगते.

बाईंनी पाइप खाली ठेवला. भावाला म्हणाल्या, "बसा पावणे," आणि आत जाऊन चहा आणला. एकच कप. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुझो भाव एकटोच इलो?"

लेक त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.

मी तोंड उघडलं, पण बाई आत निघून गेल्या होत्या. मला वाटलं हा अपमान आहे. मग वाटलं, धमकी आहे. रोज वाटायचं, आज सांगतील निघा म्हणून. त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्यांनी नाही म्हटलं होतं, म्हणजे मुलगी आली नव्हती. संपलं.

पुढची दोन वर्षं माझी लेक त्या घरात नव्हती. बाई मला म्हणायच्या, "तुझ्या खोलीत पंखो कोणासाठी फिरता गो?" किंवा, "जी हय रवणा नाय, तिका सांग नळ बंद करूक." ती 'इथं न राहणारी' लेक तिथंच नळापाशी उभी असायची. तिला सुरुवातीला रडू आलं, मग मजा वाटायला लागली. "आई, ही आजी लई भारी आहे," म्हणायची. बाईंसमोरून जाताना मुद्दाम "मी नाही आहे हं" असं म्हणत जायची. बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

मासे आणले की बाई म्हणायच्या, "आज जास्त झाले. मांजराक घाल," आणि झाकलेली वाटी आमच्या उंबऱ्यावर. गल्लीत मांजर नव्हतं. लेकीला ताप आला तेव्हा पेजेचं भांडं आलं. मी म्हटलं, बाई, पेज कुणाला? तर म्हणाल्या, "तूच खा. तोंड बघ तुझा." अंगणातला दिवा पहाटेच लागायला लागला, कारण चोरांना आकडी दिसायला हवी म्हणे. त्या उजेडात लेक पायरीवर बसून अभ्यास करायची. आता हा दिवा चोरांसाठी होता की पायरीसाठी, मी कसं सांगू? चोर तर बिचारे त्या उजेडामुळे यायचेच बंद झाले. त्यावरून बाई माझ्यावरच ओरडल्या, फुलं झाडावर सुकतात म्हणून.

त्या मायेनं वागत होत्या असं मला एखाद्या दिवशी वाटायचं, आणि त्याच दिवशी त्या माझी धुतलेली चादर दोरीवरून काढून खाली टाकायच्या, मधुमालतीवर सावली पडते म्हणून.

लेकीच्या दहावीच्या वर्षी, शिवरात्रीच्या आधी, कणकवलीहून बाईंचा पुतण्या आला. माणूस चांगला. "काकी आता एकटी राहू शकत नाही," तो मला म्हणाला. "गेल्या महिन्यात मोरीत पडली, आम्हाला सांगितलं पण नाही. हिला गावी नेतो, घर बंद करतो. ताई, तुम्हाला खोली सोडावी लागेल." बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. केंद्र भांडुपला आलेलं. आता कुठं जायचं, कुठल्या दारात उभं राहायचं?

आतून बाईंचा आवाज आला. "मोगरो फुलू दे. मगे येतंय."

पुतण्या म्हणाला, ठीक आहे, एवढे दिवस थांबलो, अजून थोडं. परत गेला.

मी ते ऐकून गोंधळात पडले. ऊन त्या वर्षी लवकर तापलं होतं, मोगरा पेपर संपायच्या आधीच फुलणार होता. हे मला कळत होतं तर त्यांना कळत नसेल? की त्यांच्या मनात पेपरबिपर काही नव्हतंच? त्यांनी एकदाही परीक्षेचं नाव काढलं नव्हतं. मराठीच्या पेपरच्या सकाळी लेक पाया पडायला गेली तर त्यांनी पाय मागे घेतले आणि मला विचारलं, "बादली कोणी फोडली?"

मार्चच्या मध्यावर पुतण्या परत आला, तिकिटं काढून. अंगण पांढरंशुभ्र. फाटक उघडताना त्याच्या खांद्यावर फुलं पडली. गणिताचा पहिला पेपर त्या दिवशी झाला होता, लेक पायरीवर दुसऱ्याची तयारी करत बसली होती.

"चल काकी," तो म्हणाला. "झाला तुझा मोगरा."

बाई खुर्चीत बसल्या होत्या. "खंय?"

"खंय म्हणजे? ह्यां काय मग?"

"ती पानां आसत."

"पांढरी पानं?"

"मुंबयत काय पन होता," बाई म्हणाल्या.

पुतण्यानं एक फूल तोडून त्यांच्या नाकाशी धरलं. बाई शिंकल्या. म्हणाल्या, वास येणा नाय. त्याचा चेहरा उतरला. तो खाली वाकला आणि हात वर करून त्यानं हळू आवाजात विचारलं, "काकी, किती बोटां?"

"तीन," बाई म्हणाल्या. "आणि अंगठीतलो खडो खोटो आसा. सोनाराक परत दी."

लेक पुस्तकात तोंड घालून हसत होती. पुतण्या वैतागून माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही सांगा. फुललाय की नाही?"

मी आयुष्यात खोटं बोलायला घाबरत आले. अंगणभर फुलं होती. हो म्हटलं तर उद्या घराला कुलूप, आणि पोर अर्ध्या परीक्षेत रस्त्यावर. नाही म्हटलं तर मी काय आंधळी? मी बाईंकडे बघितलं. त्या भिंतीकडे बघत होत्या. मला मदत करायचा त्यांचा काही विचार दिसेना.

"दादा," मी म्हटलं, "मला फुलांतलं काय कळतं?"

तो हतबल होऊन पायरीवर बसला, तर बाजूला लेक. "आणि ही कोण?"

"कोण?" बाई म्हणाल्या.

त्यानं तिकिटं रद्द केली. बाहेरच्या खोलीत गादी टाकून राहिला. रोज सकाळी दात घासत अंगणात यायचा, "फुलला काय?" विचारायचा. बाई चष्मा पुसायच्या, वाकून बघायच्या, "नाय" म्हणायच्या. झाडावरची फुलं उमलून गळत होती, रोज सकाळी त्या स्वतः झाडू घेऊन ती गोळा करायच्या आणि केर म्हणून टोपलीत टाकायच्या. तेवढं मात्र मला बघवत नव्हतं. विज्ञान झालं, इतिहास झाला. रोज मला वाटायचं, आज दिसणार त्यांना. आज नक्की दिसणार.

भूगोलाचा पेपर शेवटचा. त्या सकाळी पुतण्याचा धीर सुटला. फोनवर बायकोशी बोलून आला आणि म्हणाला, "काकी, आज नाही आलीस तर मी परत येणार नाही. मग रहा एकटी." बाईंनी झाडू उचलला. मी कामावर रजा घेतली होती, लेकीला भांडुपला सोडून, पेपर सुटल्यावर तिला घेऊन घरी आले. फाटकातून आत शिरतो तोच बाई अंगणात आल्या. मोगऱ्यापुढे उभ्या राहिल्या. बहर ओसरत आलेला, फांद्यांवर थोडी फुलं उरलेली.

"अगो," त्या म्हणाल्या, "मोगरो फुललो की!"

पुतण्या तोंडावर हात ठेवून बघत राहिला. नंतर त्यांनी पुतण्याला सांगून ठेवलं की मागच्या खोलीला कुलूप पावसाळ्यानंतर घाल, आता पत्रा तापलेला आहे, कुलूप गंजतं. तापलेल्या पत्र्यानं कुलूप कसं गंजेल, हे त्यानंही विचारलं नाही.

आता आम्ही घाटकोपरला राहतो. लेक डिप्लोमा करते. मी अजून हिशोब लावत बसते. पुतण्याच्या धमकीला घाबरून त्यांना त्या दुपारी मोगरा दिसला, की भूगोल संपला म्हणून? शेजारीण म्हणते, तुझ्या पोरीसाठीच गं, उघड आहे. पण हीच शेजारीण त्याआधी म्हणत होती की काकीची नजर गेली. लेकीला विचारलं तर ती खांदे उडवते. "आई, कशाला शोधतेस? पास झाले ना मी."

बाई गावी निघायच्या दिवशी शेजारणीच्या नवऱ्याची रिक्षा फाटकाशी उभी होती. सामान चढलं. बाई आत बसल्या, मांडीवर देवांची पिशवी. मी ठरवलं होतं की रडायचं नाही, पण आज काही झालं तरी बोलायचं. वाकले आणि म्हटलं, "बाई, तुम्ही होतात म्हणून माझी पोर..."

"मी काय केलंय?" त्यांनी मला तोडलं. "मी तर नाय म्हटलेलंय. आठवता मा?"

खरंच होतं. त्यांनी नाहीच म्हटलं होतं. मी हात जोडून तशीच उभी.

तेवढ्यात लेक माझ्या बाजूनं पुढे आली, रिक्षाच्या दांड्याला धरून अगदी त्यांच्या कानाशी म्हणाली, "थँक्यू, आजी."

बाईंनी मान वळवली नाही. माझ्याकडेच बघत त्यांनी विचारलं, "कोण बोलला गो?"

पुतण्या बघत होता, शेजारीण बघत होती. लेकीनं ओठ आवळले होते.

"कोणी नाही, बाई," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. मग पुढे वाकून रिक्षावाल्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "चल."